माझ्या आवाजातले दोनशे वीस ग्रॅम

तारीख २३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, भाऊबीज. रक्कम पंचवीस हजार रुपये, पाचशेच्या पन्नास नोटा, साध्या पांढऱ्या पाकिटात. हजर: मी, माझी पत्नी, तिचा मावसभाऊ आणि माझ्या सासूबाई. ठिकाण आमचा कर्वेनगरचा फ्लॅट. पाकीट मावसभावाने ओवाळणी म्हणून तबकात ठेवले.

एवढे आधी लिहून टाकतो. पुढच्या मजकुरात कोण काय म्हणाले यावरून आमच्या घरात अजून वाद होतात, वरच्या परिच्छेदावरून होत नाहीत.

सुरुवात आमच्या मुलीपासून झाली. तीन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि दर रविवारी आईला फोनवर पदार्थ विचारू लागली. माझी पत्नी स्वयंपाक फार चांगला करते आणि सांगते फार वाईट. मीठ किती? अंदाजाने. पाणी किती? लागेल तसं. तिखट? रंग बघून. मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "आई, तुझ्यापेक्षा पंचांग बरं, त्यात निदान वेळ तरी दिलेली असते."

मी एका कारखान्याच्या लेखा विभागात सत्तावीस वर्षे काम करतो आहे. "लागेल तसं" ही नोंद माझ्या डोक्यात बसत नाही. पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात लहान वजनकाटा घेऊन गेलो. पत्नीचा हात डब्यातून बाहेर आला की मी मध्ये वाटी धरायचो, मूठ वाटीत, वाटी काट्यावर, आकडा पाठीमागच्या कॅलेंडरवर.

"आता मलाही बसवा काट्यावर," ती म्हणाली.

"तू दर महिन्याला वेगळी भरतेस. तुझी सरासरी काढावी लागेल."

"काढा. आणि आज जेवायचं बाहेर बघा."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी गंमत सोडून दिली. तिने धण्यांची मूठ चार वेळा घेतली, वेगवेगळ्या दिवशी, आणि चारही वेळा आकडा जवळजवळ तोच आला. ज्याला ती अंदाज म्हणत होती ते माप होते, फक्त ते तिच्या हातात होते आणि तोंडात येत नव्हते. मी ते तोंडात आणून देण्याचे काम करत होतो. मला ते काम आवडले, हे मान्य करतो.

आता मावसभावाविषयी. तो पत्नीपेक्षा नऊ वर्षांनी लहान. फोटोग्राफी शिकायला पुण्यात आला तेव्हा चार वर्षे आमच्याच हॉलमध्ये दिवाणावर झोपायचा. पुढे त्याने लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा टाकला, चालवला, नारायण पेठेत दोन खोल्या घेतल्या. हल्ली प्रत्येक पाहुण्याच्या हातात कॅमेरा आल्यापासून तो धंदा मंदावला होता. मला भावोजी म्हणतो, पत्नीला ताई. घरी आला की आधी फ्रिज उघडतो, मग नमस्कार करतो.

तो एकदा असाच आला तेव्हा आमचे कुळथाच्या पिठल्याचे मोजमाप चालू होते. त्याने मोबाइल काढला आणि काही न बोलता चित्रण केले. दोन दिवसांनी त्याने पाठवलेला व्हिडिओ मी लागोपाठ तीनदा बघितला.

आम्ही ओट्यापाशी पाऊण तास होतो. त्याने ते एका मिनिटाच्या आत आणले होते. चित्रात फक्त पत्नीचा हात, मनगटावर तव्याचा जुना डाग, आणि काट्यावरचा हलणारा आकडा. आकडा थांबला की माझा आवाज: "चाळीस ग्रॅम." मग फोडणीतली मोहरी तडतडते, आणि ती ज्या क्षणी शांत होते त्याच क्षणी पुढचे चित्र. शेवटी पत्नी विचारते, "झालं का समाधान?" आणि माझा आवाज म्हणतो, "मीठ राहिलं." तिथे व्हिडिओ संपतो.

मी त्यात असे काय वेगळे बोललो होतो? काहीच नाही. तरी ते बघताना आम्ही दोघे कोण आहोत ते कळत होते. हे त्याचे कसब होते. मी आजही ते नाकारत नाही.

त्याने त्याच्या फोन नंबरवर चॅनल उघडले. पैसे आलेच तर त्याच्या खात्यात जातील असे मीच सुचवले, कारण आमच्या कंपनीच्या नियमांत दुसऱ्या उत्पन्नाला आधी परवानगी लागते आणि पिठल्यासाठी अर्ज करायला मला लाज वाटली. माझी अट एकच होती. आकडा मी काट्यावर बघितलेला असेल तरच मी तो बोलणार. व्हिडिओच्या खाली माझा मोबाइल नंबरही मी टाकायला लावला, प्रमाण चुकले तर लोकांनी कोणाला विचारायचे म्हणून.

"भावोजी, असा नंबर कोणी देत नाही," तो म्हणाला.

"दुकानाच्या बिलावर असतो ना? मग?"

पहिले वर्ष छान गेले. नारायण पेठेतल्या त्याच्या खोलीत मी शनिवारी जायचो आणि तो संगणकावर काम कसे करतो ते बघायचो. लोक पहिल्या तीन सेकंदांत निघून जातात, हे त्याने मला आलेख दाखवून समजावले. म्हणून हात आधी दाखवायचा, पदार्थाचे नाव नंतर. संगीत लावायचे नाही, कारण पळीचा आवाज हेच संगीत. माझे "हं" तो कधी काढायचा, कधी ठेवायचा. एकदा त्याने माझ्या दोन शब्दांमधली शांतता अर्ध्या सेकंदाने वाढवली आणि तेच वाक्य एकदम खवचट वाटू लागले. "तुम्ही थांबता ना, भावोजी, ते सोन्याचं आहे," तो म्हणायचा. "ताईचा हात, तुमचा आकडा, माझी कात्री." हे तो प्रत्येकाला सांगायचा. मला ते पटले होते. तिघांपैकी एकाला काढले तर उरते ते चांगले असेल, पण लोकांपर्यंत जाणार नाही, असे मीही दोन ठिकाणी सांगितले.

मग एक चूक झाली. साबुदाण्याच्या एका व्हिडिओत मी "पंचवीस"च्या जागी "पस्तीस" म्हणालो. साताऱ्याच्या एका बाईंनी कळवले तेव्हा तो व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला होता. मी तेवढा एक शब्द पुन्हा म्हणून पाठवला, पण तो ठिगळासारखा वेगळा ऐकू येत होता. मावसभावाने सांगितले की खोली वेगळी, दिवस वेगळा, घसा वेगळा. एक शब्द असा नंतर जोडता येत नाही. जोडायचा तर आधीपासून साठा हवा.

साठा म्हटल्यावर मी कामाला लागलो. पुढचे दोन रविवार मी बेडरूममधल्या कपाटाचे दार उघडून पत्नीच्या साड्यांमध्ये तोंड घालून बसलो, कारण तिथे आवाज घुमत नाही. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि पुढचे दहा-दहाचे टप्पे म्हटले की बाकीचे जोडता येतात. आपल्याकडे शंभरापर्यंत प्रत्येक आकडा स्वतंत्र, एकोणसाठ म्हटल्याने एकोणसत्तर मिळत नाही. म्हणून मी सगळे म्हटले. प्रत्येक आकडा तीन प्रकारे, वाक्याच्या सुरुवातीला येतो तसा, मध्ये येतो तसा आणि शेवटी येतो तसा. मग शेकडे. मग ग्रॅम, मिलिलिटर, चमचा. मग सगळी धान्ये, डाळी, मसाले. मग टाका, परता, ढवळा, झाका, थांबा.

पत्नी दारातून म्हणाली, "अहो, चहा."

मी म्हणालो, "बडीशेप."

"वेड लागलंय," ती म्हणाली आणि चहा साड्यांपासून दूर ठेवून गेली.

ते सगळे मी नावे घालून, क्रम लावून, मावसभावाला पेन ड्राइव्हवर दिले. त्याने थोडे ऐकले. "भावोजी," तो म्हणाला, "इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग स्टुडिओवालेपण देत नाहीत हो." मला अभिमान वाटला. घरी येताना मी पत्नीसाठी गजरा घेतला, हे मला आठवते, कारण तिने कारण विचारले आणि मला सांगता आले नाही.

दुसऱ्या वर्षी तो कमी येऊ लागला. धंद्याची कामे आहेत म्हणायचा. आमचेही मोजायचे पदार्थ संपत आले होते आणि मी एकेका पदार्थाला तीन-तीन आठवडे लावायचो, कारण मुगाचे प्रत्येक पोते वेगळे पाणी पिते. गेल्या गणपतीनंतर आमच्या घरी एकही चित्रण झाले नाही. मी समजलो की चॅनल बंद पडले. मी स्वतः असले काही बघत नाही, बातम्यांपुरता मोबाइल वापरतो.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई विश्रांतवाडीहून बोलत होत्या. बोली विदर्भाकडची.

"सर, तुम्हीच ना ते काट्यावाले?"

"हो. काय चुकलं?"

"तुमचंच पाहून करून राहिली मी, जी. चकल्या तेलात टाकल्या की विरघळून जातात. कढई सारी पिठाची झाली."

मी विचारले मोहन किती घातले. मोहन म्हणजे पिठात घालायचे कडकडीत तेल; ते जास्त झाले की चकली धरत नाही.

"किलोला दोनशे वीस ग्रॅम. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"मी दोनशे वीस सांगणं शक्य नाही. आमचं प्रमाण एकशे दहा आहे. आणि चकलीचा व्हिडिओ आम्ही अजून केलेलाच नाही."

बाई म्हणाल्या, "असं कसं म्हणता, सर? मी चार बार ऐकलं." आणि त्यांनी व्हिडिओ पाठवला.

मी तो कँटीनच्या बाहेर उभा राहून ऐकला. कोणत्या तरी कंपनीची तयार भाजणी, तिचे पाकीट, ओटा, काटा, हात. आणि माझा आवाज. माझ्यासारखा कोणाचा नव्हे, माझा. ग्रॅम म्हणण्याआधी मी बारीकसा श्वास घेतो, तोही होता. माझा आवाज म्हणत होता की आमच्या घरी आता हीच भाजणी येते, एक किलोला दोनशे वीस ग्रॅम मोहन घाला. शेवटी पत्नीचा आवाज, "झालं का समाधान?" आणि माझा, "मीठ राहिलं."

माझी पहिली शंका स्वतःवर होती. कधी म्हणालो असेन का? संध्याकाळी पत्नीला ऐकवले. तिने पहिल्याच वाक्याला सांगितले, "हे तुम्ही नाही."

"कशावरून?"

"तुम्ही थांबा म्हणताना माझ्याकडे बघता, म्हणून आवाज जरा वळतो. हा सरळ समोर बोलतोय." मग तिने मोबाइल जवळ घेतला. "हात माझाच आहे. पण डाग पुसलाय हो माझा."

मी खाली स्क्रोल केले. गणपतीपासून ते वसुबारसेपर्यंत चॅनलवर अकरा नवे व्हिडिओ होते. अकराही पदार्थ मी मोजले नव्हते आणि अकरांतही मी बोलत होतो.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे विश्रांतवाडीला गेलो, काटा आणि घरची दोन किलो कोरी भाजणी घेऊन. बाई दोन खोल्यांच्या घरात फराळाच्या ऑर्डरी घेतात, नवरा कारखान्यात पाळीवर. त्यांनी तीन किलो भाजणीत एकदमच मोहन घातले होते. एक किलो भिजवून तळायला घेतली ती गेली. दोन किलो पातेल्यात झाकून ठेवली होती, टाकवत नव्हती म्हणून. तिच्यात दुप्पट मोहन होते, म्हणजे तितकीच कोरी भाजणी मिसळली की प्रमाण बरोबर येणार होते. मी तसे सांगितले तेव्हा बाईंनी माझ्याकडे न बघता पत्नीकडे बघितले.

"ताई, आता हे काका बोलून राहिले ते खरं ना? का हेही मोबाइलवालंच?"

पत्नी म्हणाली, "मला विचारूनच बोलतात ते. चुकले तर मी आहे."

उकड काढली, सोऱ्या भरला. पहिली चकली तेलात सोडली तेव्हा आम्ही तिघेही वाकलो होतो. ती फुगली, फिरली, आणि राहिली. बाईंनी ती झाऱ्यावर काढून मोडली, कुडुम आवाज आला, तेव्हा त्या हसल्या. पण एका दुकानाची पाच किलोंची ऑर्डर शुक्रवारीच द्यायची होती, ती दुसरीकडे गेली होती. नुकसान किती, असे मी विचारले. तेल आणि एक किलो भाजणी, सातशे नव्वद, असे त्या म्हणाल्या. ऑर्डरचे त्यांनी धरलेच नाही. ती अडीच हजारांची होती.

निघताना त्या म्हणाल्या, "सर, पैशाचं राहू द्या. पण तो तुमचा आवाज बंद करा. माझ्यासारख्या किती बाया ऐकून राहिल्या असतील."

मला तेवढेच करायचे होते. रविवारी मी नारायण पेठेत गेलो. मावसभावाने चहा मागवला, खुर्ची पुसून दिली. मी विषय काढला तेव्हा तो लाजला नाही, हे मला सर्वांत जास्त लागले. त्याने मला उत्साहाने दाखवले. मी दिलेले रेकॉर्डिंग त्याने एका प्रणालीला खाऊ घातले होते आणि आता तो मजकूर टाइप करायचा आणि मी बोलायचो.

"बघा ना, भावोजी. थांबणंसुद्धा तुमचंच आहे. तुम्ही इतकं व्यवस्थित दिलं होतं म्हणून झालं. दुसऱ्या कोणाचा आवाज घेतला तर असा येत नाही."

"आणि दोनशे वीस कुठून आलं?"

"कंपनीनं मुद्दे दिले, मजकूर मशीननं लिहिला. तेल जरा जास्त झालं असेल. लोक काय काट्यानं घालतात का?"

"आपले लोक काट्यानं घालतात. तेवढ्यासाठीच ते आपलं बघतात."

तो हसला. मग गंभीर झाला. "खरं सांगू का? तुम्ही एका पदार्थाला तीन आठवडे घेता. तोवर लोक विसरून जातात. मला घर चालवायचंय. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं."

मी म्हणालो की मला पैसे नकोत, ते आधीही नको होते. चकलीचा व्हिडिओ काढ आणि त्याच चॅनलवर सांग की गणपतीनंतरचा आवाज माझा नाही. तो म्हणाला की करार आहे, दिवाळी होईपर्यंत हात लावता येत नाही. आणि आवाज तुमचा नाही असे सांगितले तर चॅनलमध्ये उरते काय?

"ताईचा हात आणि तुझी कात्री," मी म्हणालो.

चहा तसाच राहिला. हा माणूस चार वर्षे आमच्या हॉलमध्ये झोपला होता, आणि मी त्याच्या परीक्षेच्या दिवशी टीव्ही बंद ठेवायचो.

घरी येऊन मी चकलीच्या व्हिडिओखाली स्वतः लिहिले: "हा आवाज माझा नाही. मोहन एकशे दहा ग्रॅम घालावे." तासाभरात पाच उत्तरे आली. एकाने लिहिले, "ओरिजिनल काकांना बदनाम करू नका." दुसऱ्याने लिहिले, "मग बोलून दाखवा ना." एका बाईंनी मला समजुतीने लिहिले होते की काकांचा आवाज त्या दोन वर्षे ऐकत आहेत, त्यांना ओळखू येतो. दुसऱ्या दिवशी माझे वाक्य तिथे नव्हते. व्हिडिओखालचा माझा मोबाइल नंबरही नव्हता. तो काढल्याबद्दल बहुधा आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा असेल.

आणि मग भाऊबीज. मला वाटले तो येणार नाही. पत्नी म्हणाली, येईल, आणि पाट मांडून ठेवला. सासूबाई आमच्याकडेच होत्या. त्यांना आम्ही काही सांगितले नव्हते. तो अकरा वाजता आला, नवा सदरा घालून, माझ्यासाठी पेढे घेऊन. या वेळी फ्रिज उघडला नाही.

पत्नीने नेहमीप्रमाणे ओवाळले. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. हात स्थिर होता. त्याने पाकीट तबकात ठेवले आणि वाकून नमस्कार केला. म्हणाला, "ताई, आता मनात काही ठेवू नकोस."

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "कशाला काय ठेवेल? भाऊ एवढा करतोय. जाडजूड दिसतंय गं पाकीट."

ओवाळणी भावासमोर कोणी उघडत नाही. ती मोजत तर नाहीच. त्याला हे माहीत होते. मीही तेच बघत होतो: सबंध पुण्यात त्या दिवशी ही एकच जागा होती जिथे ठेवलेले पैसे परत करता येत नाहीत आणि कशाचे म्हणून विचारता येत नाही. दोन वर्षे मी त्याच्या कात्रीला दाद दिली होती. हीही तीच कात्री होती.

पत्नीने तबक खाली ठेवले, पाकीट उघडले आणि नोटा मोजल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं!" ती थांबली नाही. पन्नास झाल्यावर तिने पाकीट उलटे करून तळहातावर झटकले. काही पडले नाही.

"वरचा रुपया कुठे आहे?"

"अं?" मावसभाऊ म्हणाला.

"तू कॉलेजात होतास तेव्हा अकरा घालायचास. मग एकशे एक. धंदा लागल्यापासून पाचशे एक. वरचा रुपया तू कधी विसरला नाहीस रे. ओवाळणी म्हणून काढले असतेस तर आजही विसरला नसतास."

ती उठून देवघरात गेली, वाटीतून एक रुपया आणला. पाचशेची एक नोट तबकात ठेवली, तिच्यावर तो रुपया. बाकीच्या नोटा पाकिटात घालून त्याच्या समोर धरल्या.

"ही माझी ओवाळणी झाली. हे बाकीचे कशाचे ते तू तोंडानं सांग. तुझ्या तोंडानं. सांगितलंस तर घेते."

तो सासूबाईंकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी काही मदत केली नाही. तो म्हणाला, "ताई, सणासुदीला काय हे?"

"एवढंच सांग, आवाज यांचा नाही. इथे, आपल्या चौघांत सांग. मोबाइलवर नको."

तो उठला. जेवायला थांबला नाही. पुरणपोळीचे ताट वाढलेले होते. पाकीट त्याने घेतले, पण दाराबाहेर चप्पल घालताना चपलांच्या स्टँडवर ठेवले आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरला. सासूबाईंनी आम्हा दोघांना पुष्कळ सुनावले. त्यांना सगळे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "एका चकलीवरून?"

दिवाळी झाली, करार संपला असेल. चकलीचा व्हिडिओ तिथेच आहे. संक्रांतीला माझ्या आवाजात तिळगुळाचे प्रमाण आले. गुळाचा आकडा चुकीचा होता. पत्नी आता मुलीला फोनवर सांगते, "अंदाजाने घाल." मुलगी म्हणते, बाबांना विचार ना. पत्नी म्हणते, ते हल्ली बोलत नाहीत. काटा ओट्याखालच्या फडताळात आहे, सेल काढून ठेवले आहेत.

हिशेब असा झाला. विश्रांतवाडीच्या बाईंना तेल आणि भाजणीचे सातशे नव्वद आणि गेलेल्या ऑर्डरचे अडीच हजार, एकूण तीन हजार दोनशे नव्वद रुपये, माझ्या पगारातून, त्यांच्या हातात दिले. ऑर्डरचा वाचलेला माल मी वजा केला नाही. मावसभावाचे चोवीस हजार पाचशे रुपये मी सोमवारी बँकेत जाऊन त्याच्या खात्यात भरले. पाचशे एक रुपये पत्नीकडे राहिले. त्यातला एक रुपया तिचाच होता.